काठीकडे बघणारा बगळा

झेंडेकाकूंचं आडनाव झेंडे नव्हतं. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचून कोण कुणाच्या घरी जातं? नवरा नगरपालिकेचा झेंडा शिवायचा म्हणून तो झेंडेमास्तर, आणि त्याच्याशी लग्न करून आल्या म्हणून त्या आधी झेंडेवहिनी आणि केस पिकल्यावर झेंडेकाकू. एकदा नवीन पोस्टमन खऱ्या नावाचं पाकीट घेऊन गल्लीभर फिरला आणि शेवटी काकूंनाच विचारायला आला, की इथे या नावाचं कुणी राहतं का. काकूंनी क्षणभर विचार केला आणि "नाही बाबा" म्हणून सांगितलं. पोस्टमन वळला तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

घर नगरपालिकेच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात दोन मशिनं, एक लांब टेबल आणि टेबलाखाली कापडाच्या चिंध्यांचा कायमचा ढीग. मास्तर एरवी शर्ट-पँट शिवत, शाळेचे गणवेश शिवत, कुणाच्या पडद्यांना पट्टी लावून देत. पण वर्षातून एकदा ते सगळं बाजूला सरकवलं जाई आणि टेबल स्वच्छ पुसून त्यावर झेंड्याचं कापड पसरलं जाई. वरचा पट्टा पिवळा, खालचा निळा, आणि मधोमध शहराचं चिन्ह.

चिन्ह म्हणजे एक ढाल. ढालीवर तीन कमानींचा पूल, पुलाखाली नदीच्या लाटा, कोपऱ्यात किल्ली आणि पुलाच्या कठड्यावर एका पायावर उभा बगळा. शाळेत मुलांकडून पाठ करून घेत: पूल म्हणजे एकी, किल्ली म्हणजे विश्वास, बगळा म्हणजे संयम. चौकात बसणाऱ्या रिकामटेकड्यांचा अर्थ वेगळा. त्यांच्या मते पूल म्हणजे दरसाल दुरुस्तीला निघणारं काम, किल्ली म्हणजे साहेब जागेवर नाहीत, आणि बगळा म्हणजे आपला नगरसेवक. डोळे मिटून ध्यान लावल्यासारखा उभा, पण मासा आला की त्याला बरोबर कळतं. काकूंना विचाराल तर बगळा म्हणजे डोकेदुखी. चोच बारीक, पाय तिच्याहून बारीक, आणि कडेचा टाका जरा जाड पडला की बगळ्याचं बदक होतं.

कामाची वाटणी ठरलेली होती. कापड जोडणं, कडा दुमडणं, काठीच्या बाजूची जाड पट्टी शिवणं, हे काकूंचं. चिन्ह मास्तरांचं. त्यांच्याकडे जाड कागदाचा एक खाका होता, त्यावर बगळ्याच्या आकृतीभर सुईनं भोकं पाडलेली. तो कापडावर ठेवून वरून निळीची पुरचुंडी थापली, की कापडावर ठिपक्यांचा बगळा उमटे. मग खाका उलटा करून दुसरा बगळा. कारण झेंड्याला दोन बाजू असतात आणि दोन्हीकडून बगळ्याचं तोंड काठीकडेच असावं लागतं. तो या धंद्यातला पहिला नियम. तोंड दुसरीकडे झालं, तर वाऱ्यात बगळा उलट्या पावली पळत सुटल्यासारखा दिसतो. तर असे एक डावा, एक उजवा, दोन बगळे कापून ते कापडाच्या दोन अंगांना पाठीला पाठ लावून शिवायचे.

लग्नानंतरच्या पहिल्याच झेंड्याच्या वेळी मास्तरांनी नव्या बायकोला हे समजावून सांगितलं होतं. त्या दिवशी सकाळी दोघांचं कशावरून तरी वाजलं होतं आणि दोघंही घुश्श्यात होती. मास्तर कापडावरून मान वर न करता म्हणाले, "हे बघ, हे दोघं नवरा-बायको. पाठीला पाठ लावून उभे. जन्मात एकमेकांचं तोंड बघणार नाहीत."

"मग कशाला एकत्र शिवता?" काकूंनी विचारलं.

"कारण दोघं बघतात एकाच बाजूला."

काकूंचा राग तिथल्या तिथे उतरला. अर्थात त्यांनी संध्याकाळपर्यंत तो उतरला नसल्याचा आव आणला, कारण पहिल्याच वर्षी इतकं स्वस्तात सुटू द्यायचं नसतं.

वर्षभर वाऱ्यात फडफडून झेंड्याची मोकळी कड फाटत येई. मग नवा झेंडा चढे आणि जुना मास्तरांकडे परत येई. हा इथला रिवाज होता. नगरपालिकेतले शिपाई, ज्यांना रोज सकाळी झेंड्याची दोरी ओढावी लागे म्हणून सगळे दोरीबुवा म्हणत, तो जुना झेंडा घडी घालून दोन्ही हातांवर ठेवून आणत. "घ्या मास्तर, तुमची लेक माहेरी आली," असं दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी स्वतःच हसत. शहराचा झेंडा फडकं म्हणून वापरायचा नाही की टाकून द्यायचा नाही. काकू तो धुऊन, फाटकी कड दुमडून ट्रंकेत ठेवत. ट्रंक भरली तेव्हा दुसरी आणली.

मास्तरांचा विसर कधी सुरू झाला, ते काकूंना सांगता यायचं नाही. चष्मा विसरणारा माणूस उद्या अजून काही विसरेल, असं कुणाच्या मनात येतं? आधी गिऱ्हाइकांची मापं गेली. मग गिऱ्हाइकंच गेली. एकदा दोन बाह्या एकाच बाजूला लागल्या, तेव्हा काकूंनी गुपचूप उसवून पुन्हा शिवल्या आणि ब्रही काढला नाही. डॉक्टरांनी त्या आजाराला मोठं नाव दिलं. काकूंनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन विसर हाच शब्द कायम ठेवला. सुईचं काम बंद झालं, झेंडाही काकू एकट्या करू लागल्या. मास्तर टेबलाशी बसून बघत आणि अधूनमधून म्हणत, "छान हात आहे हो तुमचा. कुणाकडे शिकलात?"

"होते एक," काकू म्हणत. "फार तापट होते."

संध्याकाळचा फेरफटका मात्र मास्तरांनी सोडला नाही. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, केस नीट विंचरलेले. बाजारातून नदीपर्यंत जायचं, पुलावर जरा टेकायचं आणि परत यायचं. एकदा यायला बराच उशीर झाला तेव्हा काकू दारातून आत-बाहेर करत राहिल्या. पण मास्तर आले, आपल्या पायांनी, हातात भाजीची जुडी घेऊन.

"रस्ता चुकलात?" काकूंनी विचारलं.

"चुकलो तर. सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसायला लागल्या."

"मग आलात कसे?"

मास्तरांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "वर बघितलं. नगरपालिकेच्या मनोऱ्यावरचा झेंडा दिसतो ना कुठूनही. बगळा बघतो तिकडे काठी, आणि काठीच्या मागे आपलं घर."

"आणि वारा पडलेला असला तर?"

"तर थांबायचं. वारा काय, येतोच."

काकू आत गेल्या आणि भाजी निवडायला बसल्या. भाजी निवडताना त्यांना रडू आलं, आनंदाचं. गल्लीची आठवण गेली होती, दाराचा रंग गेला होता, पण स्वतःच्या हातानं आयुष्यभर शिवलेला तो पक्षी आत कुठेतरी जाग्यावर उभा होता. त्या दिवसापासून त्या मास्तरांना निर्धास्त सोडू लागल्या.

लेक दुसऱ्या शहरात राहायची. तिला हे मुळीच पसंत नव्हतं. फोनवर रोज तोच विषय. "आई, दाराला कुलूप लावत जा. उद्या गाडीखाली आले म्हणजे?"

"कुलूप वस्तूंना लावतात," काकू म्हणायच्या. "ते माणूस आहेत अजून. येतात बरोबर."

"आणि ज्या दिवशी येणार नाहीत?"

"त्या दिवशी तू म्हणशील ते करीन."

हे बोलणं झालं आणि काही महिन्यांतच नगरपालिकेनं चिन्ह बदलायचं ठरवलं. जुनं फार गिचमिड दिसतं, मोबाइलवर तर पूल आहे की कंगवा तेच कळत नाही, असं म्हणणं होतं. नवीन चिन्ह म्हणजे तीन रंगांचे तीन फराटे. एक प्रगती, एक निसर्ग आणि तिसरा काय होता ते काकूंच्या लक्षात राहिलं नाही. बगळा कुठेच नव्हता. झेंडा शिवायचीही गरज नव्हती, तो छापून येणार होता.

काम गेलं याचं काकूंना फारसं वाटलं नाही. डोळे थकले होते आणि बगळ्याच्या पायांनी आयुष्यभर नाकी नऊ आणले होते. पण बगळा गेला तर मास्तर घरी कशाच्या जोरावर येणार? त्या कपाळावर टिकली नीट लावून थेट अध्यक्षबाईंच्या केबिनमध्ये गेल्या.

अध्यक्षबाई वाईट नव्हत्या. त्यांचा शाळेचा गणवेश मास्तरांनीच शिवलेला. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा डोळे पुसले. मग म्हणाल्या, "काकू, ठराव झालाय. एका काठीवर दोन झेंडे लावता येत नाहीत. आणि एका माणसासाठी शहराचा झेंडा थांबवला असं मी सभागृहात कोणत्या तोंडानं सांगू?"

खरं सांगायचं तर बाईंचं बोलणं काकूंना पटलं. पटलेल्या गोष्टीचा राग जास्त येतो. चहा अर्धा टाकून त्या उठल्या.

नवा झेंडा चढला त्या संध्याकाळी मास्तर बस स्थानकावर सापडले. बाकावर बसून ते वर मनोऱ्याकडे टक लावून बघत होते. दोरीबुवांनी त्यांना हाताला धरून आणलं. "मी कुठल्या गावी आलोय?" मास्तरांनी दारात विचारलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी दाराच्या फळीत बसवलेलं कुलूप किल्लीनं फिरवलं आणि किल्ली पदराला बांधली. लेकीला दिलेला शब्द होता. ठरल्या वेळी मास्तर बूट घालून आले. कडी काढली, दार ओढलं. पुन्हा ओढलं. मग त्यांनी दारावरून हात फिरवून बघितला, बिजागऱ्या तपासल्या.

"दार फुगलंय वाटतं," ते म्हणाले. "उद्या सुताराला सांग हं."

"सांगते," काकू म्हणाल्या.

मास्तर खुर्चीत बसले. बूट काढले नाहीत. चूक दाराची आहे, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. बायको आपल्याला कोंडेल, हे त्यांच्या विसरलेल्या मनातसुद्धा कुठे नव्हतं, आणि काकूंना तेच सहन होईना. त्यांनी आयुष्यात पुष्कळ भांडणं केली होती, अबोले धरले होते, पण नवऱ्याला असं फसवलं नव्हतं. पदराची किल्ली त्यांना दगडासारखी जड झाली. त्या उठल्या आणि काहीतरी करायचं म्हणून ट्रंक उघडली.

ट्रंकेत वर्षावर्षांचे झेंडे होते. प्रत्येकावर बगळा. वरचे काकूंच्या हातचे, जरा जाडसर टाक्यांचे. खालचे मास्तरांचे, त्यातल्या बगळ्यांची तर पापणीही दिसायची. काकू ते एकेक काढून मांडीवर ठेवत गेल्या. मनोऱ्यावर लावता येत नाहीत हे खरं. पण मनोऱ्याखालच्या रस्त्यावर लावू नयेत असा ठराव कुणी केला होता?

सकाळी दोरीबुवा हातोडी आणि खिळे घेऊन हजर झाले. काकू एकेका दुकानात शिरल्या. घरातलं दुखणं चारचौघांत सांगायची लाज वाटत होती, पहिल्या दुकानात तर त्यांनी खालमानेनं कसंबसं सांगितलं. वाणी म्हणाला, "काकू, एवढंच ना? आणा इकडे." मग त्यांची जीभ सैल झाली. औषधवाला, सायकलवाला, चपलांचं दुकान, वळणावरचं सलून, पुलाच्या तोंडाशी पेपरवाला. कुणी नाही म्हटलं नाही. सलूनवाल्यानं मात्र विचारलं, "यानं माझ्या गिऱ्हाइकांना काय वाटेल?"

"नगरपालिका इथेच दाढी करते असं वाटेल," काकू म्हणाल्या.

प्रत्येक झेंडा भिंतीवर सपाट लावायचा होता, म्हणून बाजू महत्त्वाची. काकू रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून सांगत, "हा असा. नाही, उलटा करा. बगळ्याची चोच आमच्या घराकडे." डाव्या हाताच्या दुकानांना झेंड्याचं एक अंग, उजव्या हाताच्या दुकानांना दुसरं. दुपारपर्यंत पुलापासून गल्लीच्या तोंडापर्यंत सगळे बगळे एका दिशेला बघू लागले. एका वाटसरूनं विचारलं, हा काय प्रकार, कुणाची मिरवणूक आहे का? दोरीबुवा गंभीरपणे म्हणाले, "हो. एका माणसाची. रोज संध्याकाळी."

काकूंनी कुलूप काढलं. "सुतार येऊन गेला बरं का," त्या म्हणाल्या. मास्तरांनी दार उघडून-मिटून बघितलं, सुताराचं कौतुक केलं आणि ते बाहेर पडले. काकू उंबऱ्यात उभ्या. जीव टांगणीला लागलेला. दिवेलागणीला मास्तर गल्लीच्या तोंडाशी दिसले. चालता चालता शेवटच्या बगळ्याकडे बघून ओळखीच्या माणसाला घालतात तशी मान हलवत होते. काकूंचा जीव भांड्यात पडला.

असा हिवाळा गेला, उन्हाळ्याचे दिवस आले. मास्तर रोज जात, रोज येत. लेक एकदा स्वतः येऊन वडलांच्या मागे मागे पुलापर्यंत चालली आणि तशीच मागे मागे घरी आली. रात्री आईच्या कुशीत शिरून झोपली, लहानपणी झोपायची तशी.

मग एका संध्याकाळी मास्तर आले नाहीत.

दिवे लागले. काकू गल्लीच्या तोंडाशी गेल्या, मग बाजारात. वाण्याला परतताना दिसले नव्हते. औषधवाल्याला दिसले नव्हते. काकू चालता चालता पळू लागल्या, या वयात, पायात धड चप्पल नाही. लेकीचे शब्द कानात घुमत होते. कुलूप लावलं असतं तर. माझाच हट्ट नडला, माझाच. वळणापाशी येऊन त्यांनी सलूनकडे बघितलं आणि त्या थबकल्या.

सलूनवाल्यानं सकाळी दुकानाला नवा रंग दिला होता. त्यासाठी झेंडा उतरवला, रंग वाळल्यावर पुन्हा लावला. सरळ लावला, कडा ताणून, अगदी मनापासून. फक्त अंग उलटं झालं होतं. बगळा नदीकडे बघत होता.

आणि त्या झेंड्याखाली, सलूनच्या खुर्चीवर, बूट काढून ठेवून मास्तर उभे होते. सलूनवाला एका हातानं खुर्ची आणि दुसऱ्या हातानं त्यांची कंबर धरून उभा होता. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "केव्हापासून सांगतोय काकू, मी करतो म्हणून. ऐकतच नाहीत. मला झेंड्याला हात लावू देत नाहीत."

मास्तर खिळे उपटत होते. कित्येक महिन्यांत त्यांच्या हातांना इतकं नेमकं काम करताना काकूंनी पाहिलं नव्हतं. एक बाजू सुटली आणि झेंडा लोंबला. मास्तरांनी खाली बघितलं. त्यांच्या नजरेत ओळख नव्हती. होती ती एका कारागिराची घाई.

"बाई, जरा तेवढं टोक धरता का?"

काकूंनी टोक धरलं.

"कुणीतरी उलटा टांगलाय," मास्तर म्हणाले. "असं करतात का? लोक याच्याकडे बघून घरी जातात. तोंड फिरवलं तर माणसं जायची कुठे?"

"खरं आहे," काकू म्हणाल्या.

दोघांनी मिळून झेंडा फिरवला. मास्तरांनी खिळे ठोकले, मागे वाकून बघितलं, पुन्हा एक कड ताणली. बगळा घराकडे बघू लागला. मग सलूनवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून ते खाली उतरले, बूट घातले आणि समोर उभ्या असलेल्या, विस्कटलेल्या केसांच्या, धापा टाकणाऱ्या बाईकडे सौजन्यानं पाहिलं.

"तुम्ही कुठे राहता?"

"इथेच. नगरपालिकेच्या मागे."

"मग चला, मलाही तिकडेच जायचंय. एकटं नका जाऊ, अंधार पडलाय." दोन पावलं चालून ते म्हणाले, "आज मला फार उशीर झाला. बायको वाट बघत असेल. जरा तापट आहे, पण जीव फार लावते."

काकू त्यांच्या शेजारून चालत राहिल्या. दर दुकानापाशी मास्तर वर बघत, बगळ्याची दिशा घेत आणि "या, इकडून" म्हणत. खड्डा आला तिथे त्यांनी हात पुढे केला. काकूंनी तो धरला आणि मग सोडला नाही. मास्तरांनीही सोडवून घेतला नाही.

दाराशी आल्यावर मास्तरांनी हात हळूच काढून घेतला, बूट काढले आणि बाहेर उभ्या बाईकडे पाठ करून, रिकाम्या घरात, रोजच्यासारखी हाक दिली.

"अगं, आलो गं!"

"आलात?" त्यांच्या मागून काकू म्हणाल्या. "हातपाय धुऊन घ्या. पानं घेते."

मास्तर मागे वळले नाहीत. हाक पोहोचली होती, उत्तर आलं होतं. ते समाधानानं मोरीकडे निघाले आणि काकू डोळे पुसत दिवा लावायला आत गेल्या.